भाताला वाफ, आमटीला कढ

आई,

तुझ्या नातीने माझी शेगडी बंद केली आहे. बटण फिरवून नव्हे. पॅसेजमधल्या डब्यात शेगडीचा फ्यूज खाली पाडला आणि त्यावर चिकटपट्टी लावली, लहान मुलांच्या घरात कपाटांना लावतात तशी. ओट्यावर मायक्रोवेव्ह आणून ठेवला. "आई, त्स्वाय मिनूटन. फेर्टिश," म्हणाली. दोन मिनिटं, की झालं. शनिवारी एक माणूस येऊन शेगडी घेऊन जाणार. मला विचारलं नाही, कळवलं. पन्नास वर्षं ज्या कामात माझा हात कुणी धरला नाही, तेच काम आता एका बटणावर आलंय. हे इथे जर्मनीत सांगू कुणाला? शेजारीण म्हणते, "गेनाऊ, अगदी बरोबर आहे मुलीचं." तिनेच तर अग्निशमनवाल्यांना फोन केला होता.

फेब्रुवारीत भाजी करपली. वांग्याची, सकाळीच केलेली, दुपारी मंद आचेवर ठेवलेली. धूर झाला, छताला लावलेली घंटा कोकलली, आणि चार उंच माणसं बर्फाचे बूट घालून माझ्या सतरंजीवरून चालत गेली. लेक हॅनोव्हरहून त्याच संध्याकाळी आली. पातेल्याचं काळं बूड पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "तू विसरायला लागली आहेस." मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. त्या दिवशी मात्र मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागले.

मायक्रोवेव्हचं मला काय खुपतं ते तुला कळेल. त्यात भात, आमटी, पोळी एकाच ताटात ठेवायचं आणि सगळ्याला सारखंच तापवायचं. भाताच्या कडा दगड होतात, आमटी मधे थंडगार, पोळीचं चामडं. मी नऊ-दहा वर्षांची असताना तुला म्हणाले होते, "आई, जेवण गरम कर ना." तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "गरम कर काय गं? गरम पाणी करतात, अंघोळीचं. दूध तापवतात, आमटीला कढ आणतात, भाताला वाफ देतात, भाकरी शेकतात, भाजी ऊन करतात. ज्याचं त्याला." मला राग आला होता. भूक लागलेल्या पोरीला कुणी शब्द वाढतं का? पण ते शब्द हातात बसले. भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवताना मी आजही मनात "वाफ" म्हणते.

तू मला सातवीतून काढलंस, तो राग अजून आहे. इथे आल्यावर मी जर्मन वाचायला शिकले ती दुकानातल्या डब्यांवरून, मग वाचनालयातून. प्रत्येक डब्यावर एकच क्रियापद, आउफवेर्मन. पुन्हा ऊन करणे. कालचं सूप असो, बटाटे असोत, हेच. जुनं भांडण उकरलं तरी हेच. मी परवा फोनवर शेगडीचा विषय काढला तर लेक म्हणाली, "आई, परत आउफवेर्मन नको ना."

आता जे तिला सांगितलं नाही ते. मी विसरले नव्हते. ह्यांची मोटारींच्या कारखान्यात सकाळची पाळी असायची. अडीचला दारात. म्हणून सव्वादोनला मी सगळं पुन्हा ऊन करायला घ्यायची. "अहो, आधी हात धुवा, वाफ जाईल," मी म्हणायची. हे पहिला घास फुंकत म्हणायचे, "एवढं कढत? माझं तोंड भाजून मला गप्प बसवायचं आहे का?" सहा वर्षं झाली ह्यांना जाऊन. त्या दिवशी सव्वादोनला मी भाजी मंद आचेवर ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसले. येणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. तरी बसले. धुराचा वास आला तेव्हाही लगेच उठवलं नाही.

हे लेकीला कसं सांगू? विसरणाऱ्या आईला मायक्रोवेव्ह आणून देता येतो. वाट पाहणाऱ्या आईला डॉक्टरकडे नेतील. म्हणून विसरभोळी म्हणून राहिले आणि वर तिच्यावरच चिडले. तिने एकदा तरी विचारायला हवं होतं, भाजी कुणासाठी ठेवली होतीस.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. मी तरी तुला कुठे विचारलं होतं? दादा गेले, तुझं कुंकू पुसलं, तरीही तू रोज दिवेलागणीला त्यांच्या वाटची आमटी चुलीवर ठेवायचीस, सूतगिरणी सुटायच्या वेळेला. कढ आला की उतरवायचीस आणि स्वतः गार झाल्यावर खायचीस. मी पंधरा वर्षांची होते. मला लाज वाटायची, भीतीही वाटायची, शेजारच्या बायका काय म्हणतील. एका संध्याकाळी तू विहिरीवर गेलीस तेव्हा मी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. तू आलीस, फुंकणी घेऊन बराच वेळ फुंकत बसलीस, डोळे लाल झाले. मग म्हणालीस, "लाकडं ओली निघाली वाटतं." त्या दिवशी आमटी ठेवली नाहीस. त्यानंतर कधीच नाही.

शनिवारी तो माणूस आला तर मी दार उघडेन. लेकीवरचा राग गेलेला नाही, जाईलसं वाटत नाही. हा कागद घडी करून, तू गेल्यावर मी इथे आणला त्या तुझ्या तव्याखाली ठेवते आहे, तो तवा काही शेगडीबरोबर जाणार नाही.

मी चुलीत पाणी ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू सगळी लाकडं अंगणात पसरलीस आणि दोन दिवस उन्हात उलटीपालटी करत राहिलीस. मी दारात उभी राहून बघत होते. लाकडं कोरडीच होती, आई.