फायनलआधी मेन्यू नीट व्हायलाच हवा

३ मार्च, मंगळवार
नवा फोर-के टीव्ही भिंतीवर चढला. रविवारी टेबल टेनिसची फायनल, आमची चिमी त्यात पोचणारच; ती यावरच लाइव्ह बघायची. लेकीच्या मॅचचं मला टेन्शन अजिबात नाही. फक्त मेन्यूच्या अक्षरांच्या कडा पुसट दिसतात. उठून उठून जवळ जाऊन पाहिलं. फसवलं लेकाच्यांनी!

४ मार्च
आज सेमीफायनल. चिमी जिंकली म्हणे. मी तेव्हा भिंग घेऊन मेन्यू तपासत होतो. मॅच लाव, मॅच लाव म्हणून ही कंटाळली आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बघून आली. त्यांचा टीव्ही जुनाट, केवढासा.

५ मार्च
मेकॅनिक आला. म्हणे साहेब, बिघाड नाहीच. मेन्यू कमी रिझोल्यूशनमध्ये तयार होतो, मग पडदाभर ताणतात. आतली चिप साधी, मेमरी जेमतेम. तिला सगळा मेन्यू फोर-केत काढायला लावला, तर रिमोट दाबून वाट बघत बसाल. व्हिडिओची सोय वेगळी, तो पूर्ण स्पष्ट येतो. लावून दाखवला. हीरोच्या दाढीचे खुंटसुद्धा दिसले. मेन्यू कोण बघत बसतं, म्हणाला.
मी बसतो! उडवाउडवीची उत्तरं नुसती.

७ मार्च
झोप नाही. (टेन्शनमुळे नव्हे.) निश्चय: उद्या सेटिंग्जला हात लावायचा नाही. चिमीने फोनवर विचारलं, बाबा, बघणार ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं? टीव्ही घेतलाय कशाला!

८ मार्च, रविवार, दुपारी ४.३०
मॅच पाचला. बसवत नाही. सहज सेटिंग्ज उघडलं. 'सॉफ्टवेअर अपडेट' दिसलं. अक्षरं सुधारतील बहुतेक. दाबलं.

५.१०
बारा टक्के. टीव्ही बंद करू नका म्हणतोय. तो बारासुद्धा पुसट! ही म्हणाली, फोनवर बघा. एवढा टीव्ही घेऊन फोनवर? मग म्हणाली, काकूंकडे तरी चला. अपडेट अर्धवट टाकून कसं जाणार? जबाबदारी असते. ती गेली. मी येरझाऱ्या.

५.५०
शेजारून टाळ्या! म्हणजे जिंकलीच. मला खात्री होतीच.

संध्याकाळी ७
चिमीचा फोन. ही अजून काकूंकडेच. तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, शेवटचा पॉइंट काय मारलास गं! कसला लख्ख दिसला!
 ती म्हणाली, बाबा, तो पॉइंट तिचा होता. मी हरले.
 तीच पुढे म्हणाली, जाऊ दे बाबा, तुझा मेन्यू नीट झाला का?
नाही म्हटलं.