कठड्यावर वाळत घातलेली शर्यत

चि. ऋतुराज यास दगडाबाईचा आशीर्वाद. दगडाबाई म्हणजे तुझी आज्जी, तुझ्या बापाची माय. उंची कमी, दात त्याहून कमी. दोन दिवाळ्या तुला घर आठवलं नाय, म्हणून ओळख आधीच देऊन ठेवते. तब्येत बरी असंल. माझी बरी हाय. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतं कोण. पत्र तुझी बहीण संस्कृती लिहिती. मी बोलते तसंच लिही म्हणलं, तरी मधीच माझं बोलणं सुधारती. (हे पण लिही गं.)

तर कारण असं. मोंढ्यातलं घरचं बियाण्याचं दुकान सोडून तू कोइम्बतूरला शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायला गेलास, तवापासून तुझ्या बापानं तुझं नाव घेतलं नाय. कुणी विचारलं तर "मला पोरगा नाय," एवढंच. मी म्हणलं, तोंडात नाय तर नाय, डोळ्यासमोर तरी राहू दे. संस्कृतीनं मोबाइलवर दाखवलं: शर्यतीच्या रस्त्याचं चित्र छापून मिळतं, पाहिजे तो रस्ता, पाहिजे तो रंग, खाली पाहिजे ते नाव. लई रस्ते बघितले. (एक तर कढईत अर्धी सोडून दिलेल्या जिलबीसारखा. एवढं फिरून माणूस निघाला तिथंच येतो आणि त्याला बक्षीस देतात. मी जन्मभर ओट्यापासून हौदापर्यंत फिरले, मला कुणी साधी टाळी वाजवली नाय.) आपल्याला तुमचाच, कोइम्बतूरचा रस्ता पाहिजे होता. संस्कृतीनं काळा रंग धरला, त्यावर पांढरी रेघ उठून दिसती म्हणे. खाली तुझं नाव, एका अंगाला तू कामाला लागलास ती तारीख, दुसऱ्या अंगाला तुमची गाडी पहिली आली ती.

छापायला शहागंजातल्या मोतीरामकडं दिलं. मोतीराम जन्मभर दोनच गोष्टी छापत आला: पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि म्हाताऱ्यांच्या श्रद्धांजल्या. त्याला मोकळी जागा बघवत नाय. (संस्कृती ओढणी मॅच करायला गुलमंडीत गेली होती, मी एकटी स्टुलावर.) "आज्जी, मधी एवढं रिकामं कसं? पोराचा फोटो टाकू," म्हणला. बटव्यातला तुझा फोटो दिला. त्यानं तो टाकला, भोवती फुलांचा गोल टाकला, दोन बाजूंना दोन समया टाकल्या. समया फुकट.

संस्कृती मला आणि गुंडाळीला घरी सोडून क्लासला पळाली. तुझी माय खुलताबादला माहेरी. शाई ओली, म्हणून मी ते वरच्या गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलं, तोंड रस्त्याकडं. घटकाभरात समोरची लीलाबाई आली, पदर तोंडाला, माझ्या गळ्यातच पडली. मला वाटलं तिची सून काही बोलली असंल. शेजारधर्म म्हणून मी पण थोडं रडले. मग शेजारची रत्नमाला आली, मग पांढऱ्या टोप्यांची दोन माणसं आली, जी मी जन्मात बघितली नव्हती. लीलाबाईच्या घरून पिठलं-भाकरी आली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाय हे सगळ्यांना ठाऊक. सुतक कुणाचं, हे मला विचारायचं कुणाला सुचलं नाय. (पिठल्यात मीठ कमी होतं.)

तेवढ्यात तुझा बाप आला. दारात चपलांचा ढीग बघितला, वर कठडा बघितला. बाळा, तो पायरीवरच बसला. बियाण्याचं पोतं एका हातानं उचलणारा माणूस, त्याला खिशातला मोबाइल काढता येईना. शेवटी काढला. तुझा नंबर तोंडानं म्हणत एकेक आकडा दाबत होता. पाठ होता त्याला. परवा दुपारी बापाचा फोन आला, तू "हॅलो, हॅलो" म्हणालास आणि कट झाला ना? रेंज गेली नव्हती. तुझा आवाज ऐकला, आणि त्यानंच मोबाइल बंद करून कपाळाला लावला.

मग तोंडावर पाणी मारलं आणि वर येऊन ओरडला, "माझा पोरगा जिवंत हाय! उठा सगळे!"

लीलाबाई म्हणाली, "मग हे काय, बद्रीभाऊ?"

तर पोस्टर हातात धरून लागला समजावायला. "ही शर्यत हाय. इथून गाड्या सुटतात. ह्या वळणावर ब्रेक नाय मारला तर गेला. आणि इथं, इथं आमच्या पोराची गाडी पुढं निघाली." पांढऱ्या टोप्या माना हलवत होत्या. दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइलमधी काय बघत बसतो, ते मला तवा कळलं.

सगळे गेल्यावर त्यानं कात्रीनं तुझा फोटो फुलांतून कापून काढला आणि खिशात ठेवला. पोस्टर बैठकीत ठोकलं, स्वतःच्या हातानं. आता भिंतीवर तुमचा रस्ता हाय आणि मधी एक गोल भोक. येणारा-जाणारा त्या भोकाकडंच बघतो.

तुझी,
दगडाबाई

ता. क. संस्कृती म्हणती, आज्जी, टांगायच्या आधी बघायचं होतंस. मला अक्षर येत नाय, खरं हाय. पण फुलांच्या गोलातला फोटो आणि दोन समया, ह्याला अक्षर कशाला लागतं? तोंड रस्त्याकडं करायला मला पाट घेऊन चढावं लागलं. (थांबलीस का? लिही गं.) तो पायरीवर बसला तवा मात्र वाटलं, जरा जास्त झालं.

आणखी ता. क. तिकडला तुपातला म्हैसूरपाक पाठव. माझा मऊ, मला दात नायत. तुझ्या बापाला कडक लागतो, त्याचा वेगळा बांध. कुरियरवाल्याच्या हातून आला तर दार उघडणार नाय. तूच घेऊन ये.