न्यायला मामाच यायला हवा

अण्णा, आज तुमच्यावर ओरडायचंय, आणि तुम्ही तर मी आठवीत असतानाच गेलात. इथल्या कानडी मुलखात सुधारगृहातून सुटलेल्या आदिवासी पोरांना त्यांच्या वस्तीत परत पोचवायचं तुमचं काम आता मी करतो, कॉलेज अर्धवट सोडून. तुम्ही असता तर कानाखाली वाजवली असतीत, ठाऊक आहे. पण काम शिकवून का नाही गेलात?

परवा मोबाईलचोरीत सापडलेला एक पोरगा सुटला. आमच्या संस्थेच्या सरांनी जीप मागवली, हार आणला, फोटोवाला आणला. मी म्हटलं, "सर, जीप नको." "स्वल्प, जरा गप्प बस रे, कॉलेज तरी पुरं केलंस का?" जीप वस्तीत शिरली आणि दारं धडाधड बंद. तिथं जीप माणसं उचलायलाच येते, हे त्या शहाण्याला कोण सांगणार! पोरगा गळ्यात हार घालून उभा. आईसुद्धा बाहेर येत नाही. शेवटी तो आपणहून जीपमध्ये जाऊन बसला. सर म्हणतात, "बघ, यांनाच नकोय." मी तो हार ओढून त्यांच्या अंगावर फेकला. नोकरी बहुतेक गेलीच. जिच्यापायी अभ्यास बुडवला, ती आता व्हाइटफील्डला आयटीत आहे; तिला फोन लावला. "सरी सरी, बरं, ठेवते, मीटिंग आहे."

काल एकटाच गेलो, फाट्यावर उतरून चालत. वस्तीच्या कडेला मातीतच बसलो. मग पोराचा मामा शेजारी येऊन टेकला. "बसतोस अगदी त्या मराठी साहेबासारखा." म्हटलं, "मुलगाच त्यांचा." तो हसला. हसला, अण्णा! "मग बापानं सांगितलं नाही? आमचं पोर बाहेरच्यानं आणून टाकायचं नसतं. मामा हात धरून आणतो, तेव्हा ते घरचं होतं. तुझा बाप नुसता निरोप द्यायला यायचा." नाही सांगितलं. घरी तुम्ही फक्त मार्क विचारायचात.

आज मामा सुधारगृहाच्या फाटकावर आला, पोराचा हात धरून घेऊन गेला. मी मागोमाग गेलो आणि वस्तीच्या अलीकडे रस्त्यावरच थांबलो. दारं उघडली, आई धावत आली. सगळं हवं तसं झालं. पोरानं मागं वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. आणि मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! तुम्हीही अशाच काही संध्याकाळी घरी येऊन मुकाट्यानं जेवायचात. मला वाटायचं, माझ्यावर चिडलात.

हे पत्र पाठवू कुठं? फाडूनच टाकीन. पण त्यानं वळून पाहावं, असं मला फार वाटलं, अण्णा.