आम्ही जिंकतो तेव्हा मी तळघरात असते

ती. पेगताईस,

धाकट्या डोलीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. डॉक्टरांनी बसून प्रार्थना करायला सांगितलंय तर बसूनच कर. देवाला सगळं माहीत असतं, त्यात तुझे गुडघेही आले. कॉन्व्हेंटमधल्या इतर सिस्टरांना माझा नमस्कार सांग. आमच्या नवरोबाचा, लिओचा रक्तदाब उत्तम आहे (सामन्याचे दिवस सोडून). माझी तब्येतही छान, फक्त तळघरातल्या गारठ्याने थोडा खोकला धरलाय. तळघरात मी काय करते, हे सांगायलाच आज कागद घेतलाय. तेव्हा चहा घेऊन बस.

सुरुवात फुटबॉलपासून झाली. फुटबॉलबद्दलचं माझं मत तू ऐकलेलं आहेस. बावीस दांडगे पुरुष एकमेकांवर पडतात, उठून सभा भरवतात आणि सभा संपली की पुन्हा पडतात. त्यातल्या त्यात कॉलेजची मुलं बरी, ती हरली की रडतात तरी. पगारी खेळाडू हरल्यावर मुलाखतीत इतकं शांत बोलतात की वाटतं, फक्त बस चुकली असावी. तर ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चमधल्या मिसानंतर सगळे आमच्याकडे जमले होते आणि लिओचा संघ दणकून हरत होता. मी बिटाच्या लोणच्याची बरणी आणायला तळघरात उतरले, आणि वर असा आरडाओरडा झाला की मला वाटलं छत पडलं. लिओच्या संघाचा टचडाउन झाला होता, एकदम सहा गुण. बरणी घेऊन वर आले, तर लगेच चेंडू हातचा गेला. चमचा विसरला म्हणून पुन्हा खाली गेले (चमचे तळघरात नसतात, पण माझं डोकं हल्ली असंच चालतं), तर दुसरा टचडाउन.

त्या दिवसापासून माझं माणूसपण संपलं आणि मी शकुन झाले. आपल्याकडे प्रत्येक घरात काहीतरी असतंच गं. लिओ हंगाम संपेपर्यंत तो तपकिरी स्वेटर धुवू देत नाही. आमचा जावई कर्ट सोफ्याच्या डाव्या हातावर बसतो आणि अख्खा सोफा रिकामा असला तरी खाली उतरत नाही. पण स्वेटरला आणि सोफ्याला सामना पाहायची इच्छा नसते, मला असते. संघ मागे पडला की सगळे नुसते माझ्याकडे बघतात. कर्ट फार सभ्य आहे. तो म्हणतो, "आई, लोणचं संपत आलंय वाटतं." बरणी काठोकाठ भरलेली असते. मी फादर श्रेडरांनाही विचारलं. ते म्हणाले, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, पाप आहे. मग दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, रविवारी उपांत्य सामना आहे, तेव्हा तुम्ही खालीच असाल ना?

फुटबॉलपुरतं होतं तोवर मी हसत गेले. कपड्यांच्या घड्या झाल्या, बरण्यांवर तारखा लिहून झाल्या. पण हिवाळ्यात बास्केटबॉल सुरू झाला, आणि ताई, बास्केटबॉल माझा आहे. पगारी लोकांचा नव्हे; त्यांच्यात माणूस चेंडूला टप्पा न देता चार पावलं चालतो आणि शिट्टी वाजत नाही. शाळेत आपल्याला खेळ शिकवणाऱ्या सिस्टर बेनिल्डिस असत्या तर त्यांनी झग्याच्या खिशातली शिट्टी काढून साऱ्यांना जपमाळ म्हणायला बसवलं असतं. मी म्हणते तो मुलींचा, कॉलेजचा. आपल्या वेळी सहा जणी असायच्या, तिघी बास्केट करायच्या आणि तिघी राखायच्या, आणि राखणाऱ्यांना मधली रेष ओलांडायची मुभा नव्हती. मी चार वर्षं राखलं आणि एकदाही बास्केटवर चेंडू टाकला नाही. आणि आता माझी नात, आपल्या रीटाची ब्रिडी, सेंट वॉलबर्गा कॉलेजकडून खेळते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते, वाटेल तिथून टाकते. तिला धावताना पाहिलं की मला माझेच पाय हलके झाल्यासारखे वाटतात. यंदा तिचं शेवटचं वर्ष. एवढ्याशा कॉलेजातून पुढे कुणी पगारी खेळाडू होत नाही, आणि आता बाद फेरी चालू आहे. हरल्या की ब्रिडीचा खेळ आयुष्यभरासाठी संपला.

गेल्या शनिवारी दुपारी सामना पार मिनेसोटात होता. रस्त्यावर बर्फाची काच झालेली, म्हणून कुणालाच जाता आलं नाही. रीटा आणि कर्ट आमच्याकडे आले, मी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले, सगळे टीव्हीसमोर बसलो. समोर लूथरन कॉलेजच्या उंच उंच मुली, एकेक पोर धान्याच्या कोठारासारखी. मध्यंतराच्या आतच आपण बारा गुणांनी मागे. लिओने वळून पाहिलं. रीटाने पाहिलं, पोटच्या पोरीने. कर्ट लोणच्याचं काही म्हणायच्या आतच मी उठले.

खाली जाऊन वॉशिंग मशीनवर बसले. वरून लिओ आनंदाने टाचा आपटत होता ते ऐकू येत होतं. एक टाच म्हणजे चांगलं, दोन म्हणजे फारच चांगलं. टाचा वाढत चालल्या. म्हणजे पोरी खेळत होत्या, माझी ब्रिडी खेळत होती आणि मी साबणाच्या डब्यावरचा मजकूर वाचत होते. तेव्हा मी तळघराचं बाहेरचं तिरकं दार ढकललं आणि सपाता घातलेल्या पायांनी बर्फातून शेजारच्या ऑर्फा नेसच्या स्वयंपाकघरात शिरले.

ऑर्फा लूथरन आहे, आपल्यासारखी कॅथलिक नव्हे, हे मी घाईत विसरले. ती तोच सामना बघत होती, पण पलीकडच्या बाजूने. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कॉफी ओतली आणि म्हणाली, "बस. पण माझ्या सोफ्यावर बसून माळ ओढायची नाही." ब्रिडीने चेंडू धरून ठेवला की ती म्हणायची, तुमच्या कॅथलिकांना हातचं काही सोडवतच नाही बाई. मी म्हणायचे, तुमच्या पोरींना वाकता येत नाही, म्हणून चेंडू पायाखालून जातो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. शेवटी एका गुणाने मागे असताना ब्रिडीला एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळाले. तिने केस कानामागे सारले, श्वास घेतला, आणि दोन्ही बास्केटमध्ये टाकले. एका गुणाने जिंकलो! ऑर्फाने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "पोर गुणाची आहे. आता पळ, तुझा नवरा जिना उतरेल."

मी पळाले. मशीनवर बसते न बसते तोच लिओ खाली आला, डोळ्यांत पाणी. माझ्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "डोली, हे तुझंच काम." मग त्याचं लक्ष माझ्या ओल्या सपातांकडे गेलं. मी म्हटलं, मशीन गळतंय. दुसऱ्या दिवशी त्याने मशीन उघडून दुरुस्त केलं, आणि आता ते खरंच गळतंय.

बाकी सगळं खुशाल. मी सुखात आहे, काळजी नसावी.

तुझीच,
डोली

ता. क. पुढचा सामना येत्या शनिवारी तुमच्याच गावात, डब्यूकला आहे. सगळे गाडीने येणार आहेत, मी सोडून. माझ्यासाठी तळघरात आरामखुर्ची, छोटा हीटर आणि लिओची लोकरी शाल ठेवली आहे. इतक्या मायेने मला मागे ठेवताहेत की रागावताही येत नाही. मी ऑर्फाकडे बसले असतानाच आपण जिंकलो हे सांगावं, तर तळघराऐवजी तिच्या सोफ्यावर नेमणूक होईल. तेव्हा ताई, लिओला चार ओळी लिही. तुमच्या कॉन्व्हेंटला तळघर आहे, आमच्यापेक्षा जुनं, दगडी, आणि वर सिस्टर प्रार्थना करत असतात, एवढंच. ते खरंच आहे ना? मागे तिथे बटाटे ठेवलेले मी पाहिले होते. मी तिथे बसेन असं मुळीच लिहू नकोस, तुला खोटं बोलायला लावणार नाही. बाकीचं लिओ आपणच समजून घेईल. मग तुझे गुडघे सांभाळत आपण दोघी सगळ्यात वरच्या रांगेत बसू, लिओच्या नजरेपासून लांब.

ता. क. २. ब्रिडीने त्याच संध्याकाळी फोन केला होता. "आजी, तू पाहिलंस?" मी म्हटलं, मी खाली होते गं. ती म्हणाली, "हो, आजोबा म्हणाले. असू दे." ते "असू दे" अजून माझ्या घशात अडकलंय, खोकला बहुधा त्याचाच असेल.

ता. क. ३. आणि हे बघ, समजा मध्यंतराला आपल्या पोरी दहाहून जास्त गुणांनी मागे असल्या, तर मैदानापासून तुमचं तळघर किती लांब आहे, तेही कळव. माझा यावर अजिबात विश्वास नाही. पण गाडीची किल्ली जवळ ठेव.