निळ्या फ्रॉकची उजवी बाजू

ता. ९ जुलै

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली का, ते आधी कळवा. वाचताना ताण पडू नये म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

मुली मजेत आहेत असं लिहायला बसलो होतो, पण तुमच्यापाशी खोटं बोलून काय मिळवू? ही गेल्यापासून घर कसंबसं उभं आहे एवढंच. धाकटीचं मला निदान कळतं तरी. ती सकाळी रडते, दुपारी दोरीवरच्या उड्या मारते, आणि संध्याकाळी मला जरा उशीर झाला की फाटकाला लोंबकळून वाट बघत असते. परवा आमच्या पाणीपुरवठा केंद्रावर पुढच्या पाळीचा माणूस वेळेवर आला नाही, म्हणून मला टाकीपाशी थांबावं लागलं. घरी पोचतो तर पोरीने रडून रडून ओकारी काढली होती. मी शिंकलो तरी तिचा चेहरा उतरतो.

खरी काळजी मोठीची आहे. ती रडत नाही. एकदाही नाही. पहाटे उठते, धाकटीची वेणी घालते, मला डबा भरून देते. आईच्या गिऱ्हाइकांचे शिवून ठेवलेले कपडे आणि न शिवलेली कापडं तिनेच ज्याची त्याला नेऊन दिली आणि मशीनवर आच्छादन घातलं. येणारा जाणारा म्हणतो, पोर किती समजूतदार. मला त्या समजूतदारपणाचीच धास्ती वाटायला लागली आहे. कारण ती जेवत नाही. आधी एक घास कमी, मग दोन, आता नुसती ताटाशी बसते. डबा तसाच परत येतो. दूध खिडकीतल्या कुंडीत ओतलेलं मी पाहिलं. सोमवारी शाळेच्या रांगेत चक्कर येऊन पडली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रोग काही नाही म्हणाल्या, दुःखाने असं होतं, धीर धरा. पण पुढच्या महिन्यात पुन्हा वजन करणार आहेत, आणि ते आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल असं सांगितलं. मी पोरीला विचारलं की भूक नाही एवढंच उत्तर मिळतं. नवीन कपड्यांनी तरी बरं वाटेल म्हणून दुकानातून शाळेचा तयार फ्रॉक आणला. तिने घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला. आईने शिवलेला एकच रोज घालते, रोज धुते, रोज इस्त्री करते.

बाबा, मला काही सुचत नाही. तुम्ही चार शब्द लिहा. आपल्या आशीर्वादाचा भुकेला,

तुमचा जावई

*

ता. १४ जुलै

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाली. आता इतकं लख्ख दिसतं की घरातली सगळी जळमटं डोळ्यांवर येतात, आणि ती काढायला हात वर करायचा नाही असा डॉक्टरचा हुकूम आहे. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, प्रवास तर मुळीच नाही. नाहीतर पत्राची वाट न बघता मीच तुमच्या दारात उभा राहिलो असतो.

पत्र लिहायला मला वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा अर्ध्यात सुटली. पुढचं वाचन शिकलो ते कापड बेतायच्या आधी वर्तमानपत्राचे कागद कापायचो त्यांच्यावर. बातमीचा शेवट नेहमी बगलेत कापला जायचा, म्हणून जगातल्या निम्म्या भानगडींचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. तेव्हा कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

तुमच्या हातचं मी जेवलेलो आहे, त्यामुळे सगळा दोष पोरीला देता येणार नाही. हसा थोडं. तुमचं पत्र वाचल्यापासून मलाही घास उतरलेला नाही, पण दोघांनी मिळून घाबरून चालायचं नाही.

धाकटीला ‘मला काही होणार नाही’ असं वचन देऊ नका. तिच्या आईनेही तिला तेच सांगितलं होतं. त्यापेक्षा सकाळीच सांगा की आज उशीर होऊ शकतो, आणि झाला तर शेजारच्या काकूंकडे बसायचं. उशिराला आधीच नाव दिलं की तो उशीरच राहतो.

मोठीचं मात्र माझ्या डोक्यात घोळतं आहे. नवा फ्रॉक तळाशी आणि जुना रोज इस्त्रीत, ही गोष्ट तुम्ही पत्राच्या शेपटीला लिहिलीत. माझं मन तिथेच अडकलं आहे. तिला काही विचारू नका. धाकटीला म्हणावं, ताई दिवसभर काय काय करते ते आजोबांना लिहून कळव, आजोबा त्याला चहाडी म्हणणार नाहीत. आणि ते पत्र तुम्ही वाचू नका.

माझं म्हणाल तर आपल्या शिवणाच्या दुकानापर्यंत रोज जातो. कुलूप हातात धरतो आणि परत येतो. जिला कात्री धरायला शिकवलं तीच गेली, आता आत जाऊन काय बघू? असो. मुलींना जवळ घ्या, तुम्हीही जपा. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमचा म्हातारा

*

ता. १९ जुलै

ती. आजोबांना नमस्कार.

मी बरी आहे. तुमचा डोळा बरा आहे का? माझा दात पडला. बाबांनी हे पत्र वाचलं नाही, फक्त पाकीट चिकटवून देणार आहेत.

ताई सकाळी खोलीचं दार लावून घेते. मी फटीतून बघते. ती आईचा टेप कमरेला लावते, मग छातीला लावते, मग भिंतीला टाच चिकटवून उभी राहते आणि डोक्यावर पट्टी धरते. मग टेपवर रागावते. काल फ्रॉकचं मागचं बटण लागेना. तिने पोट आत ओढलं आणि मला लावायला सांगितलं. बाबांना सांगायचं नाही म्हणाली. आजोबांना सांगायचं नाही असं म्हणाली नाही.

मला माहीत आहे ती का जेवत नाही. आईने तिला फ्रॉक घालून बघितला तेव्हा मी टेबलाखाली चिंध्या वेचत होते. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. ती म्हणाली, “आता वर्षभर वाढायचं नाही हं.” ताई हो म्हणाली. नंतर आई आजारी पडली. मग तिने काहीच शिवलं नाही.

म्हणून ताई वाढत नाही. मी हो म्हटलं नव्हतं. मी दोन बोटं वाढले. ते वाईट आहे का?

तुमची लाडकी,

धाकटी

*

ता. २४ जुलै

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

आधी एक काम कर. धाकटीला सांग की दोन बोटं वाढणं अजिबात वाईट नाही, आजोबांनी शाबासकी दिली आहे. आणि तिच्यावर डोळे वटारू नकोस. मी विचारलं, तिने सांगितलं. रागवायचंच तर माझ्यावर रागाव, मी लांब आहे, मला लागत नाही.

बाळ, तुझ्या आईचं ते टाचण्या तोंडात धरून बोलणं, ते मूळ माझं आहे. दुकानात पोरं माप द्यायला उभी राहिली की चुळबुळ करायची. एकाला गुदगुल्या व्हायच्या, दुसरा फुगून बसायचा. मग मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, आता वर्षभर वाढायचं नाही हं. पोर चकित होऊन स्तब्ध राही आणि तेवढ्यात माझं माप होई. तुझ्या आईला मी हे दर वर्षी म्हणत आलो. तुझ्याएवढी होती तेव्हा तिने उलट मलाच दटावलं, की तुम्ही जरा मोठा शिवा ना, मी काय थांबणार आहे? आणि त्या वर्षी जी उंच झाली, ती थेट माझ्या खांद्याला लागली. तुझी आई हो म्हणून थांबणाऱ्यांतली नव्हतीच.

आता फ्रॉक उलटा कर. उजेडात, खिडकीपाशी. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणी बघ, आत किती कापड दुमडलं आहे ते बोटांनी माप. मी तुझ्या आईला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की लेकराचा कपडा आतून नेहमी मोठा कापायचा. तोंडाने वाढू नकोस म्हणायचं आणि हाताने वाढायला जागा सोडायची, ही आम्हा शिंप्यांची जुनी खोड आहे. तू तोंडाचं ऐकलंस. तिच्या हातांनी काय केलंय तेही बघून घे.

जुनी टीप उसवायची तुला भीती वाटेल. मला वाटली असती. म्हणून नीट ऐक. आधी जुनी उसवायचीच नाही. तिला हात न लावता तिच्या बाहेरून, कापडाच्या काठाकडे, दुमडलेल्या कापडावर, नवी टीप मार. वरपासून खालपर्यंत, दोन्ही टोकांना मागेपुढे करून पक्की. ती बसली की मगच जुना दोरा सोडव. अशाने कापड एक क्षणही उघडं पडत नाही. मशीनला आधी तेल दे, आणि चिंधीवर टीप मारून बघ.

कधी करायचं ते तुझं तू ठरव. पण जेवण मात्र आजपासून. आजोबाची एवढी विनंती आहे. लोभ असू दे, आणि दोन ओळी लिही.

तुझा आजोबा

*

ता. ३० जुलै

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. तुम्ही मोठीला काय लिहिलंत? पत्र वाचून ती आत गेली ती बोलायचीच बंद झाली. दोन दिवस शाळेला गेली नाही. फ्रॉक दोरीवर नाही, अंगावर नाही. मी दारावर टकटक केलं तर बाबा थांबा एवढंच म्हणाली. फटीतून मशीनवरचं आच्छादन काढलेलं दिसतं, पण मशीनचा आवाज नाही. कात्री आत आहे, हे डोक्यातून जात नाही. धाकटी दाराबाहेर उशी घेऊन बसली आहे, हलायला तयार नाही, म्हणून मीही तिच्याशेजारी बसूनच हे लिहितो.

शुक्रवारी वजन करायला न्यायचं आहे. मी रजा टाकली आहे. तुमच्यावर विश्वास आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. आशीर्वाद असावा.

तुमचा जावई

*

ता. ३ ऑगस्ट

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

बाबांनी तुम्हाला घाबरवून सोडलं असेल. त्यांचं पत्र गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. कात्री मी हातात घेतली नव्हती. ती आईची आहे, कापडाच्या कात्रीने कागदसुद्धा कापलेला चालत नाही एवढं मला कळतं.

तुमचं पत्र वाचून मला खूप राग आला. धाकटीचा आला, तुमचा आला. सगळ्यात जास्त आईचा आला. मी फ्रॉक उलटा केला. आत दोन्ही बाजूंना तीन तीन बोटं कापड आहे. आजोबा, गिऱ्हाइकांचे कपडे परत द्यायच्या आधी मी सगळे उलटे करून पाहिले होते, तिचे टाके बघायला म्हणून. एवढं कापड तिने कुणाच्याच कपड्यात सोडलं नव्हतं. आणि माझाच फ्रॉक मी एकदाही उलटा केला नव्हता. इस्त्रीसुद्धा वरून करायचे. मग मी विचार करत बसले. तिला माहीत होतं का? पुढचा फ्रॉक शिवायला आपण नसू, हे तिला तेव्हाच कळलं होतं का? मग मला का नाही सांगितलं? तुम्हाला माहीत असेल तर लिहा. माहीत नसेल तर मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नका.

तिसऱ्या दिवशी मशीनला तेल दिलं. चिंधीवर टीप मारली, ती वाकडी आली. पुन्हा मारली. मग उजव्या बाजूला तुम्ही सांगितली तशी बाहेरून नवी टीप मारली. मधे एका ठिकाणी सापासारखी गेली आहे, पण पक्की आहे, मी ओढून बघितली. नंतर आईचा दोरा सोडवायला घेतला. मला वाटलं होतं सरळ एका दमात निघेल. तो तुटत तुटत निघाला. तेव्हा मी रडले. पुष्कळ वेळ. बाबा धावत आत आले, त्यांना वाटलं सुई बोटात गेली. ते काही विचारायच्या आधीच धाकटी म्हणाली की सुई नाही, दोरा. मग बाबाही रडले आणि आम्ही तिघं चिंध्यांत बसलो. दोऱ्याचे तुकडे मी बॉबिनच्या डबीत ठेवले आहेत.

वजन केलं. उतरलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून सुटका नाही, महिन्याने पुन्हा यायचं. मी जेवते आहे. सगळं जात नाही, मधेच घशाशी येतं, पण डबा रिकामा आणते. बाबांना सांगा की दर घासाला माझ्याकडे बघू नका. तुमचं ऐकतील.

फ्रॉक शाळेत घालून गेले. बाहेरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालंय आणि आतलं गडद निळं आहे, त्यामुळे उजव्या कुशीत वरपासून खालपर्यंत गडद पट्टा दिसतो. त्याच्या काठाने आईच्या सुईची भोकंही दिसतात. बाईंनी हळूच विचारलं की नवीन हवा का. मी म्हटलं नको, हा नवाच आहे.

तुम्ही दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. मी एकच सोडली. तेवढ्यात बटण लागतं, श्वासही घेता येतो. डावी अजून तिने शिवली तशीच आहे. मी आणखी वाढले की उसवीन. तोवर तुमचा डोळा बरा होऊ द्या, कारण त्या वेळी तुम्ही शेजारी हवे आहात.

तुम्ही दुकानाचं कुलूप काढत नाही असं बाबा म्हणाले; आम्ही तिकडे आलो की ते मी काढेन. लोभ आहे तो पुरवून ठेवू नका, लागेल तेवढा द्या.

तुमची नात,

मोठी