टेबलावरचा पालथा पेला

अकोला, रविवार संध्याकाळ

लहानपणी अमरावतीत चर्चमागच्या विहिरीची गडारी पाणी ओढताना किरकिरायची. आज दिवसभर तोच आवाज कानात. माझी बायको मेरी गेल्यापासून मी चर्चला गेलो नाही. दर रविवारी ती पाण्याचा भरलेला पेला टेबलावर ठेवायची, कोणी तहानलेला आलाच तर. म्हणायची, "येशूनंही विहिरीवर पाणी मागितलंच ना?" आता पेला पालथा. प्रार्थनेला बसतो तर शाळेतल्या कविता घडाघडा आठवतात, प्रार्थनेचा शब्द येत नाही. आत नुसती कोरड. मागू तरी कसं?

एवढ्यात दार वाजलं. धाकटा सॅम्युएल, घामाघूम. मेरीच्या अंत्यविधीलाही न आलेला, कित्येक वर्षं अबोला धरलेला माझा भाऊ.

"दादा, पयले पाणी दे. भांडू मंग."

पेला सुलटा केला.