काचेच्या पेटीतली शेती

रत्नागिरी,
रविवार, ता. २० जानेवारी १९३५

तीर्थरूप आप्पामामांच्या पायांवर भाचा भागोजीचं डोकं, आणि ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकलेलं आहे असं समजावं. इकडे मी आणि गोदा देवाच्या कृपेने धड आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला? मागे पाठवलेल्या दोन बाटल्यांपैकी तांबडं औषध चोळायचं की पांढरं, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. (एव्हाना दोन्ही संपली असतील, तेव्हा त्याचा विचार मनात आणू नये.)

पत्रास कारण म्हटलं तर काही नाही. पण गेला महिना मी कसा काढला हे वडीलधाऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय मला घास जायचा नाही. आमच्या डॉक्टरांकडे मी नऊ वर्षं कंपाउंडर आहे हे तुम्ही जाणताच. त्यांचं आठ महिन्यांचं मूल गेल्याच्या आदल्या श्रावणात तापाने गेलं. गावभरच्या मुलांना बरं करणाऱ्या माणसाला घरचं मूल राखता आलं नाही, त्यामुळे घरात कोणी कोणाशी बोलेना. तेव्हा कोणीतरी सुचवलं म्हणून डॉक्टरांनी मुंबईहून आगबोटीने काचेची एक पेटी आणली. तीन फूट लांब, आत गोडं पाणी, चार सोनेरी मासे, आणि वाळूत लावलेल्या जिवंत वनस्पती: एक रिबिनीसारखी लांब, एक पिसासारखी, एक रुंद पानांची बुटकी, आणि एक नुसतीच पाण्यावर तरंगणारी. बाईसाहेब रोज सकाळी तासभर त्या पेटीसमोर बसत. त्या एका तासात त्यांच्या चेहऱ्यावरचं मळभ जरा हले, म्हणून डॉक्टरही त्या वेळी रोग्यांना हळू खोकायला सांगत.

डिसेंबरात बाईसाहेबांच्या आईला बरं नाही म्हणून दोघं महिनाभर कोल्हापूरला निघाली. मोटारीत बसता बसता डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भागोजी, हिचा जीव या पेटीत आहे. सांभाळ." आणि त्यांनी पेटीची निगा कशी राखायची याची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मामा, ही चिठ्ठी मी इतकी जपून ठेवली की पुड्या बांधायच्या कागदांतच ठेवली. तिसऱ्या दिवशी शोधायला गेलो तर मालगुंडच्या एका म्हाताऱ्याच्या पोटदुखीच्या पुड्या तिच्यात बांधून गेलेल्या. मी धावतपळत मालगुंड गाठलं. म्हातारा अंगणात मजेत बसला होता. पुडीने काही वाटेना, पण कागदावर डॉक्टरांच्या हातचं काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून तो कागदच पाण्यात कालवून प्याला, आणि तेव्हापासून पोट गप्प आहे, असं त्याने मला आनंदाने सांगितलं. आणखी एक चिठ्ठी मिळेल का, असंही विचारलं.

आता चिठ्ठीवाचून मी काय करणार? आपलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मासे पकडणारं. मासा जिवंत ठेवण्याची आपल्याकडे कोणाला सवय नाही, आणि माशांच्या बुडाशी शेती करण्याची तर त्याहून नाही. मी आपलं माझ्या बुद्धीने केलं. वाळू फार फिकी दिसते म्हणून शोभेला जांभ्या दगडाचे तुकडे टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी काताच्या पिंकेसारखं झालं. ते काढून खालच्या आळीतल्या विहिरीचं पाणी भरलं. ती विहीर भरतीला मचूळ होते हे मला भरल्यावर कळलं. पिसासारखी वनस्पती त्यातच विरघळली. (अक्षरशः विरघळली, मामा, साबुदाण्याच्या खिरीसारखी.) उरलेल्या उपाशी असाव्यात असं वाटून मी चिमूटभर शेणखत घातलं. चिमूट माझी असल्यामुळे ती जरा मोठी होती.

त्या खताचा फायदा फक्त तरंगणाऱ्या बाईने उठवला. आठ दिवसांत तिने सगळं पाणी असं झाकलं, की वरून पाहावं तर हिरवी सतरंजी आणि खाली काळोख. मला ते लक्षण शुभ वाटलं. निदान एक तरी जोमात आहे, असं मी रोज गोदेला सांगत होतो. मग वास सुटला. मासे वर येऊन तोंडं उघडझाक करू लागले, तसे मी ते घरी आणून गोदेच्या पाणी प्यायच्या हंड्यात सोडले, आणि पाठोपाठ कोल्हापूरहून पत्र आलं: आईंना उतार पडला आहे, शनिवारी पोचतो. त्या दिवशी होता रविवार. मी पत्र वाचलं आणि दवाखान्याच्या बाकावर, जिथे रोगी बसतात तिथे, जाऊन बसलो. नऊ वर्षांची नोकरी जाईल याची भीती होतीच. पण खरं सांगतो, डोळ्यांपुढे येत होतं ते बाईसाहेबांचं त्या रिकाम्या पेटीसमोर बसणं.

गोदा हंड्यात मासे कुठून आले हे विचारायला म्हणून दवाखान्यात आली आणि पेटीत वाकून बघतच राहिली. ती हातखंब्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि तिला मी अजून काही विचारलं नव्हतं हीच माझी चूक.

"ह्यो काय शेतीचा प्रकार?" ती म्हणाली. "नाचणी डोंगरातल्या वरकसावर नि भात खालच्या पाण्याच्या मळ्यात. दोन्ही एका जाग्यावर पेरून जगतील काय?"

"ही नाचणी नव्हे, ही मुंबईची शोभेची—"

"मुंबईची असली म्हणून काय तिला उजेड नको? वरची सगळं ऊन खातेय नि खालच्या मेल्या काळोखात. नि खत कशाक घातलंत? वाढलेलं खाऊन मासा काय तो शेणखतच घालतो की!"

हे शेवटचं मला नीट समजलं नाही, पण माशांकडूनच पुरेसं खत पडतं असा त्याचा अर्थ आहे असं नंतर कळलं. सोमवारी आम्ही दोघं तिच्या माहेरी गेलो. तिथल्या पऱ्यात, म्हणजे वाहत्या ओहोळात, कमरेइतक्या पाण्यात उतरून तिने मुळासकट लांब रिबिनी उपटल्या, बुडाची बारीक धुतलेली वाळू घेतली. पुढच्या बाजूला बुटकी हवी होती, पण तशी पऱ्यात काही मिळेना. शेवटी ती मला म्हशींच्या डबक्याशी घेऊन गेली. दोन म्हशी बसल्या होत्या त्यांच्या मधोमध, रुंद पानांची, पांढऱ्या चिमुकल्या फुलांची एक वनस्पती तरारून उभी होती. ती काढताना एक म्हैस उठली आणि मी बसलो, एवढंच लिहितो.

गोदेने पेटी मीठ लावून घासली, वरच्या आळीतलं गोडं पाणी भरलं, उंच ते मागे, बुटकं ते पुढे, दोघांत चार बोटं अंतर, आणि तरंगणारीला मूठभर ठेवून बाकीची परसात फेकली. दोन दिवस पानं माना टाकून होती. शुक्रवारी उठून उभी राहिली. मासे सोडले, चारही. मग मी देवाला हात जोडले आणि घरी जाऊन आजारी पडलो.

शनिवारी बाईसाहेब आल्या त्या प्रवासाच्या लुगड्यानिशीच पेटीसमोर बसल्या. मी पडद्याआड बाटल्या पुसत होतो. (एकच बाटली, पण पुष्कळ वेळ.) बऱ्याच वेळाने हाक आली.

"भागोजी, ही माझी झाडं नव्हेत."

मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, जांभा, मचूळ पाणी, खत. खाली मान घालून उभा राहिलो. वर पाहतो तो बाईसाहेब तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझी तरी कुठे जगत होती?" त्या म्हणाल्या. "दर महिन्याला मेलेली काढायची आणि भावाकडून मुंबईची नवी मागवायची. ह्यांना कळू दिलं नाही. ह्यांना वाटायचं, एवढं तरी माझ्या हातून जगतंय."

मग त्यांनी गोदेला बोलावून घेतलं. दोघी दुपारभर पेटीशी बसून कुठलं पान कुणाशेजारी नांदेल यावर बोलत होत्या. डॉक्टर दारात उभे राहून नुसते ऐकत होते. दीड वर्षात घरात एवढा आवाज झाला नव्हता. उठताना बाईसाहेबांनी त्या बुटक्या वनस्पतीचं एक पांढरं फूल खुडलं आणि देवापुढे वाहिलं. ती कुठून आणली हे त्यांनी त्यानंतर विचारलं, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. असो. सगळं गोड झालं. तुमच्याकडे मागणं काहीच नाही, आशीर्वाद असावा.

तुमचा,
भागोजी

ता. क. फूल देवापुढे गेल्यावर म्हशीचं नाव कसं घेणार? म्हणून मी सांगितलं, की ही वनस्पती राजापूरला आमच्या मामांच्या परसातल्या तळ्यातली. तुमच्या परसात तळं नाही हे मला माहीत आहे. पण बाईसाहेब आता स्वतः ते बघायला येणार म्हणतात. दीड वर्षात प्रथमच त्यांनी आपणहून कुठे जायचं काढलं, म्हणून डॉक्टरांनी येत्या गुरुवारची सर्व्हिस मोटार ठरवूनसुद्धा टाकली. पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल, म्हणजे बुधवार अख्खा हातात आहे. फार मोठं नको. एका म्हशीपुरतं पुरे. राजापुरात गंगा मनात येईल तेव्हा प्रकट होते, तिथे एक तळं प्रकट झालं तर कोण विचारतो? रोपं ओल्या गोणपाटात बांधून मोटारीच्या क्लीनरबरोबर धाडली आहेत.

ता. क. दुसरा. गोदा म्हणते, नुसत्या नव्या पाण्यात ती तग धरणार नाहीत, गाळ पाहिजे. तेव्हा शेजाऱ्यांची म्हैस रात्रभर तळ्यात बसवावी. गुरुवारी सकाळी मात्र ती आठवणीने उठवावी.